दोन स्वल्पविराम

आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात पाण्याचा हिशेब माझ्याकडं आहे. पाझर तलावाच्या पट्टीवरचं माप कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरायचं आणि किती लिटर पाणी उरलं ते दिवाळीनंतरच्या सभेत सांगायचं. लिटरचं नाव काढलं की लोक हसतात. "तळं काय दुधाची किटली हाय का?" असं एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं होतं.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. शाळेच्या खोलीत प्रोजेक्टर लावला आणि उजेड अडवायला खिडकीवर मामांची घोंगडी टांगली. माझे मामा मेंढपाळ. पाणी पुरणार नसलं की आमच्याकडची मेंढरं चालत गंगथडीला, गोदावरीच्या काठी न्यावी लागतात. मामांच्या निम्म्या मेंढ्या गाभण होत्या, आणि त्या वाटेवर जन्मलेली कोकरं किती जगतात हे त्यांनी भोगलं होतं. तरी यंदा पाणी पुरणार नाही असं धरून, दारात घोड्यावर बिऱ्हाड लादूनच ते सभेला आले होते.

भिंतीवर आकडा उमटला : ४८,६००,०००.

दोन स्वल्पविराम दिसले की आमच्याकडं आकडा लाखात वाचतात. शून्यं मोजत बसायला कुणाला वेळ आहे? "अठ्ठेचाळीस लाख," मागून कुणीतरी वाचलं. गावाला आणि जनावरांना मिळून रोज दीड लाख लिटर लागतं, हे सगळ्यांना तोंडपाठ. म्हणजे जेमतेम महिना.  मामा उठले आणि खिडकीवरची घोंगडी सोडायला लागले.

"मामा, तुमी थांबा जरा," मी म्हटलं. मला चूक कळली होती. यंत्र परदेशी रीतीनं तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देत होतं. असला राग आला त्या यंत्राचा! सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश 'भारत' केला. भिंतीवरचे स्वल्पविराम सरकले, एक नवा आला.

४,८६,००,०००.

चार कोटी शहाऐंशी लाख. एकही आकडा बदलला नव्हता, थेंबभर पाणी वाढलं नव्हतं, आणि तरी रिकामं झालेलं तळं आमच्या डोळ्यांदेखत काठोकाठ आलं. रोज हाताळते मी हे आकडे. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. देवळात जोडतात तसे एका म्हातारीनं भिंतीकडं बघून हात जोडले, आणि मला हसू आलं नाही.

मामांनी मात्र खात्री करून घेतली. "पानी वाढलं का गं?"

"न्हाई मामा. व्हतं तेवढंच हाय. पर उन्हाळा निघंल."

मामा घोंगडी खांद्यावर टाकून घरी गेले. मीही मागोमाग गेले. दारात घोडं उभं होतं. मामा एकेक गाठ सोडून बिऱ्हाड खाली उतरवायला लागले. मामी बाहेर आल्या. "कावून सोडताय?"

मामांनी शेवटची गाठ सोडली. "कोकरं हितंच हू दे," म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.