पटामागच्या पार्बताबाई

पार्बताबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांची फक्त पावले दिसली. मी पवनीच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. एका शनिवारी मुख्याध्यापकांनी पट दाखवणाऱ्या एका जोडप्याला शाळेच्या पटांगणात बोलावले. लाकडी चौकटीत दोन उभे बांबू, दोन्हींना गुंडाळलेले लांबच लांब रंगवलेले कापड, आणि एका वेळी त्यातले एकच चित्र समोर, अशी ती मांडणी होती. डोमाजी पुढे उभे राहून हातातल्या काडीने चित्र दाखवत गोष्ट सांगत होते. कापडाच्या खालच्या कडेखाली जोडवी घातलेली, टाचा फुटलेली दोन पावले दिसत होती. डोमाजी दर वाक्याला थांबायचे आणि मुले ओरडायची, "हो जी!"

मला तो गोंगाट वाटला. मी उठले आणि सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावले. शाळा चिडीचूप झाली. डोमाजींनी त्या चित्राची गोष्ट संपवली, चौकटीवर काडी वाजवली. पट हलला नाही. पुन्हा वाजवली. शेवटी ते वाकून कापडाआड म्हणाले, "फिरव ना वं."

मागून आवाज आला, "कोनासाठी फिरवू? समोर कोनी हाये का?"

"अख्खी शाळा बसली हाये."

"मंग बोलून काहून नाई राहिले? मेले का सारे?"

मुले हसली, "हो जी" झाले आणि पट फिरला. त्या दिवशी मला या कामाचा मुख्य नियम कळला. पटामागे बसणाऱ्याला ना चित्र दिसते ना माणसे. त्याच्यासमोर असते ती फक्त कापडाची उलटी, डागाळलेली बाजू. म्हणून त्याने कानावर चालायचे. लोकांचा "हो जी" आला की एक बांबू सैल सोडायचा आणि दुसरा गुंडाळायचा. नाही आला तर बसून राहायचे.

पार्बताबाईंचे गाव कोंढ्याजवळ. डोमाजींच्या घरी पट पिढ्यान्‌पिढ्या होता. धानाची मळणी आटोपली की नवराबायको निघायचे ते तलाव असलेली गावे घेत पार सिहोऱ्यापर्यंत जायचे. लोकांच्या लक्षात राहिले ते डोमाजी, कारण ते पुढे उभे असत. पट रंगवायच्या मात्र पार्बताबाई. स्वतः रंगवलेला पट लोकांपुढे फिरताना कसा दिसतो, हे त्यांनी आजवर पाहिलेले नाही. कारण त्या वेळी त्या नेहमी मागे असत.

त्यांचा मुख्य पट तलावाचा. सात भाऊ तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालतात. दर पावसाळ्यात ती एकाच जागी फुटते. धाकटी सून शिदोरी घेऊन येते, फुटलेल्या जागी बसते आणि पाणी थांबते. "घरच्या कोणी हाक मारली की उठते," असे ती म्हणते. पण ती उठली तर पाणी जाणार, म्हणून घरचे हाक मारत नाहीत. शेवटच्या चित्रात पाणी तिच्या हनुवटीला लागलेले आहे आणि ती गावाकडे पाहते आहे. इथे डोमाजी विचारत, "मारू का हाक?" आणि पाळीवर बसलेला सगळा गाव म्हणायचा, "बस माय, बस."

ही गोष्ट मला पहिल्यापासून आवडली नाही. सर्वांचे पाणी टिकावे म्हणून एका बाईने बसून राहायचे आणि बाकीच्यांनी तिला "बस" म्हणायचे, यात मला काही थोर दिसत नाही. मी तसे पार्बताबाईंना स्पष्ट सांगितले होते. त्या म्हणाल्या, "आवडाले कोन सांगते तुमाले? हो जी म्हना नाई त नाई जी म्हना. पन तोंडातून काई काढा."

डोमाजी गेले त्याच वर्षी मी निवृत्त झाले. काही महिन्यांनी मी पार्बताबाईंकडे जाऊन म्हटले, मला पट रंगवायला शिकवा.

"काहून?"

"आता मी रिकामी आहे."

"रिकाम्या मानसानं बिड्या वळाव्या, मास्तरीनबाई."

तरीही त्यांनी मला ठेवून घेतले. पहिल्या वर्षी मला कुंचला मिळालाच नाही. मांजरपाट धुवायचे, चिंचोक्यांची खळ शिजवायची, छुई म्हणजे घरे सारवायची पांढरी माती वस्त्रगाळ करून त्यात मिसळायची, थरावर थर द्यायचे आणि वाळले की गुळगुळीत गोट्याने घोटायचे. दुसऱ्या वर्षी काजळी, गेरू, हळद, नीळ आणि धावड्याचा डिंक आले. मग एकदाचे पहिले चित्र मी काढले. पाळीसाठी माती वाहणारी बैलगाडी, चारी बाजूंनी नीट काठ घालून. मला ते चांगले साधले असे वाटत होते.

पार्बताबाईंनी पाहिले. "झ्याक हाये. हे पाहून मानूस घरी जाईल."

"मग चांगलेच झाले."

"घरी गेला त पुढचं कोन पाहील? तुमचा बाप?"

मग त्यांनी माझा उजवीकडचा काठ ओल्या फडक्याने पुसून टाकला आणि बैलाचे तोंड पुढच्या चित्रात नेऊन ठेवले. पटातले कोणतेही चित्र पुरे करायचे नसते. बैलाचे अंग इकडे तर तोंड तिकडे, टोपली इकडे तर माती पडते ती तिकडे. पाहणाऱ्याला पुढचे हवेसे वाटले की त्याच्या तोंडून "हो जी" निघते. मला आयुष्यभर पूर्ण वाक्ये लिहायला शिकवायची सवय. ही अपुरी चित्रे काढायला हात तयार व्हायला फार काळ गेला.

हा लेख पार्बताबाईंच्या गौरवग्रंथासाठी आहे आणि अशा ग्रंथात दोष लिहू नयेत असा संकेत आहे. मी तो पाळणार नाही, कारण पार्बताबाईंनाच ते चालणार नाही. त्या हट्टी आहेत. माझ्यानंतर गावातल्या काही मुली त्यांच्याकडे शिकायला आल्या. त्यांनाही त्यांनी खळ आणि मातीवरच बसवले. मुली पावसाळ्यापर्यंतही टिकल्या नाहीत. मी पार्बताबाईंशी भांडले. एखादीला पहिल्या दिवशी एक मोर काढू दिला असता तर काय बिघडले असते? त्या म्हणाल्या, "पटात मोर नाई." विषय संपला. मुली संपल्या.

त्यांचा मुलगा नागपूरला कंपनीत आहे. तो पटाला हात लावत नाही. मी त्याला एकदा कारण विचारले, जरा रागानेच. तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, माझ्या बापाले लोक कलाकार म्हनत नव्हते. मांगता म्हनत होते, भीक मांगनारा. तुमी शाळेत खुर्ची दिली असन, गावात आमी चपलाजवळ बसत होतो." आज या ग्रंथात पार्बताबाईंना लोककलेचा ठेवा वगैरे म्हटले जाईल. ज्यांनी चपलांजवळ बसवले त्यांचीच आपण मुले-नातवंडे आहोत, एवढे ध्यानात ठेवून ते म्हणावे.

त्यांच्या मायेची एक आठवण सांगते. माझा धाकटा भाऊ अचानक गेला तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी मला खूप समजावले. पार्बताबाई सकाळच्या एसटीने आल्या आणि माझ्या समोर भिंतीला टेकून बसल्या. समजावणे नाही की डोळे पुसणे नाही. "सांगा, कसा होता," एवढेच म्हणाल्या. मी एक वाक्य बोलले. त्या म्हणाल्या, "हो जी." मी दुसरे बोलले. पुन्हा "हो जी." मी फारशी बोलणारी बाई नाही. त्या दिवशी त्यांची परतीची गाडी निघून गेली तरी मी बोलतच होते. त्या एका शब्दाने माणसाचे किती आत दडलेले बाहेर निघते, हे मला पटासमोर नव्हे, तिथे समजले.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

डोमाजींचा जुना पट फाटला आहे. रंगाचे पापुद्रे निघतात, सुनेच्या चेहऱ्याचा अर्धा भाग गेला आहे. जीर्ण पट वैनगंगेत सोडायचा, अशी त्यांच्या घराची रीत आहे. पण नवा पट उभा राहिल्याशिवाय जुना सोडता येत नाही. आणि नवा पट रंगवून झाला म्हणजे उभा राहिला असे नाही. तो लोकांपुढे एकदा पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, प्रत्येक "हो जी" घेत फिरावा लागतो. तोवर ते कापडच. नवा पट मी पार्बताबाईंच्या देखरेखीखाली रंगवून पुरा केला. गोष्ट त्यांनी मला तोंडपाठ करून घेतली. ती सांगायला मी पुढे उभी राहायचे आणि त्यांनी मागे बसायचे, असे ठरले.

भंडाऱ्याला एका सांस्कृतिक कार्यक्रमात आम्हाला बोलावणे आले. सभागृह भरलेले होते. मी सांगायला लागले. पहिले चित्र कसेबसे फिरले, कारण मागच्या रांगेत कोणी म्हातारे गृहस्थ होते, ते "हो जी" म्हणाले. मग त्यांनाच आजूबाजूच्यांनी "शू" केले. दुसऱ्या चित्राला सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. सगळ्यांनी मोबाइल वर धरलेले, आपला आवाज त्यात येऊ नये म्हणून श्वास रोखलेले. मी वाक्य संपवले आणि थांबले. पट हलला नाही.

मी मागे वाकून म्हटले, "बाई, फिरवा."

"कोनी हो जी म्हनलं नाई."

"ते मन लावून ऐकत आहेत. आदराने गप्प आहेत."

"मले काय माहीत? मले त कोनीच नाई दिसून राहिलं."

मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. शांतता. निवेदक लगबगीने पुढे आले, पार्बताबाईंच्या तपश्चर्येबद्दल बोलले आणि जोराच्या टाळ्या झाल्या. पट दुसऱ्या चित्रावरच गुंडाळला गेला. शाळेत मुले माझ्या धाकाने गप्प झाली होती. इथे कोणी धाक दाखवलेला नव्हता.

परतीच्या गाडीत मी चिडून म्हटले, "टाळ्यांवर फिरवला असता तर काय झाले असते?"

"टाळी संपल्यावर वाजते, बाई. आपलं कुठं संपलं होतं?"

त्यानंतर त्यांच्या गावाच्या तलावाच्या पाळीवर पट मांडून पाहिला. ज्यांना "हो जी" ठाऊक होते असे चार म्हातारे आले. एक पेंगला, एकाला सून बोलवायला आली. तरुण मुले मोटारसायकलवरूनच म्हणाली, "व्हिडिओ टाका ना म्याडम, पाहून घेऊ." तेही अर्ध्यावर राहिले. मग मी सुचवले की माझ्या ओळखीच्या बायका जमवते, त्यांना कुठे काय म्हणायचे ते शिकवून ठेवते. पार्बताबाई म्हणाल्या, "सांगून म्हनलेला हो जी मी वळखतो. जन्मभर दुसरं काय ऐकलं?"

म्हणजे हा लेख लिहून मी एक वाट बंदच केली आहे, हे मला कळते. आता वाचकांपैकी कोणी सौजन्याने "हो जी" म्हणाले तर त्या ओळखतील. मी पुष्कळ विचार केला आणि लिहायचे ठरवले. ज्यांचा गौरव करायचा, त्या कशाची वाट पाहत आहेत हे गौरव करणाऱ्यांना माहीत नसावे, हे मला मान्य नाही.

सत्कार समितीने हे त्यांचे पंचाहत्तरावे वर्ष ठरवले आहे. जन्माचा दाखला नाही. त्यांना विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुमी म्हनता त हो जी." सत्काराच्या वेळी नवा पट मंचावर शोभेसाठी लावावा आणि त्यापुढे त्यांची खुर्ची असावी, अशी योजना आहे. त्यांनी विचारले, खुर्ची मागे ठेवता येईल का? समितीचे म्हणणे, सत्कारमूर्ती लोकांना दिसल्या पाहिजेत. समितीचे चुकते असेही म्हणता येत नाही. मी एवढेच मागून घेतले की भाषणे झाल्यावर खुर्ची मागे न्यावी आणि ज्यांना थांबायचे असेल त्यांनी थांबावे. मी सांगेन. कोणी थांबेल, अशी मला फारशी आशा नाही. पण वाचून आलेला माणूसही ऐकता ऐकता कधी स्वतःला विसरतो, आणि त्याच्या तोंडून निघून जाते. त्यावरच सारे आहे.

गेल्या महिन्यात मी त्यांना पवनीला डॉक्टरांकडे नेले. डावा कान गेला आहे. उजव्यालाही कमी येऊ लागले आहे. बाहेर येऊन मी कसनुशी झाले, तर त्या म्हणाल्या, "मोठ्यानं म्हना म्हनावं लोकाईले."

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतायचे असते. पार्बताबाईंना मी "बस माय, बस" म्हणणार नाही, पुष्कळ बसल्या. त्यांचे गुडघे गेले तर आम्ही त्यांना पाटावर बसवून नेऊ. डोळे गेले तरी अडणार नाही, मागे बसणाऱ्याला पाहायचे काहीच नसते. नवे कापड माझ्या घरी गुंडाळून तयार आहे. कोणीतरी न सांगता "हो जी" म्हणेल तोवर त्यांचा उजवा कान शाबूत राहो.