फाटक्या कानाचा हत्ती

धारेहून देवासला ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो तेव्हा माझ्याजवळ दोनच चिजा होत्या: एक लाकडी शंकू आणि भलताच आत्मविश्वास. शंकू पोरांनी भोवरा म्हणून फिरवला आणि लवकरच फोडला. आत्मविश्वास मात्र दसऱ्यापर्यंत टिकला.

देवास गाव एक, पण दरबार दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच टेकडीच्या पायथ्याशी दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, आणि सणाला दोन मिरवणुका. मी कुठल्या पातीच्या शाळेत होतो ते सांगत नाही. तेवढं शहाणपण आता आलं आहे. धारेला एकच दरबार, त्यामुळे हत्ती म्हणजे हत्ती, एवढंच माझं ज्ञान.

आमच्या हेडमास्तरांना ड्रॉइंगचा तास डोळ्यांत खुपत असे. म्हणत, "अहो, घागरी काढून पोटं भरतात होय? तो तास मला द्या, मी त्यात त्रैराशिक उरकतो." शेवटी ठरलं असं की दसरा झाला की दरबारचे शिक्षणाधिकारी शाळा पाहायला येतील, आणि तास ठेवायचा की बंद करायचा ते तेच सांगतील.

शंकू फुटल्यामुळे पोरांपुढे ठेवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. म्हणून एक दिवस सांगून टाकलं, "बाहेर जा, काहीतरी नीट बघा, आणि येऊन काढा. पाहिलं तेच काढायचं, मनचं घालायचं नाही." यात शिक्षणशास्त्र वगैरे काही नव्हतं, निव्वळ अडचण होती. पण पोरं बघायला लागली. गणितात रोज छडी खाणारा, तोंडातून शब्द न काढणारा एक मालवी मुलगा धापा टाकत वर्गात आला नि म्हणाला, "मास्टर साब, बकरीच्या डोळ्यातलं काळं आडवं असतं! आपल्यासारखं गोल नी!" मी हसलो. संध्याकाळी कुणी बघत नाहीसं पाहून शेजारच्या बकरीसमोर उकिडवा बसलो. आडवंच होतं. इतकी वर्षं मी बकऱ्यांना माणसांचे डोळे देत होतो. त्या दिवसापासून तो मुलगा बोलायला लागला, आणि हा तास जाता कामा नये असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. तोवर मला फक्त नोकरी जाऊ नये असं वाटत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काल पाहिलेला हत्ती काढा." गेरू, नीळ, हळद, काजळी असे घरगुती रंग कालवून पोरांनी हत्ती काढले. झूल, घंटा, पायातली साखळी, सोंडेवरच्या सुरकुत्यासुद्धा. प्रत्येक हत्तीचा उजवा कान खालून फाटलेला. मला वाटलं, काय ही नजर! सगळे हत्ती भिंतीवर लावले आणि बकरीवाल्याचा मधोमध.

अधिकारी फाटकात शिरले तेव्हा शाळेचा शिपाई माझ्या कानाशी आला. "मास्टर साब, यो हाथी अपणो नी है."

"म्हणजे?"

"अपणो तो पाँव सूजो पड्यो है. यो तो वणां को है."

'वणां को' म्हणजे त्यांचा, म्हणजे पलीकडच्या पातीचा. आमच्या हत्तीचा पाय सुजल्यामुळे यंदा आमची मिरवणूक हत्तीविना निघाली होती आणि दरबारात सगळ्यांना ते सलत होतं. फाटक्या कानाचा हत्ती कुणाचा, हे माझ्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता भिंत झाकायची तर धोतर सोडूनच झाकावी लागली असती.

साहेब भिंतीपुढे उभे राहिले. "हे पोरांनी काढलं?"

माझी जीभ घाबरली की सरळ खड्ड्यात जाते. "स्वतः पाहून, साहेब! नक्कल नाही."

"सगळ्यांनी पाहिला?"

"सगळ्यांनी! एकसुद्धा चुकला नाही."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

साहेब रागावते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, बाकीच्यांचं सोडा, तो मधला मी माझ्या घरी लावला असता. पण ही भिंत उद्या आणखी कुणी पाहील, आणि मग ना तुमचं चालेल, ना माझं. कान सांधून घ्या. तास चालू राहील, तेवढं मी करतो."

तास वाचला होता. मी पोरांपुढे उभा राहिलो. "कान पुरे करा रे."

"पण मास्तर, तो फाटकाच आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"समजा, बरा झाला."

"हत्तीचा फाटका कान बरा होतो?"

"दरबारचा होतो," मी म्हटलं. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर वर्ग खिदळायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पोरांनी कुंचले घेतले आणि कान सांधले. आणि काय सांधले! कानाच्या शिरा थेट नव्या भागात नेल्या, रंगाला रंग असा जुळवला की जोड दिसू नये. सगळं मीच शिकवलेलं. थांबा म्हणावं तर तास जाणार, आणि शाबास म्हणायला तोंड उघडेना. मी खिडकीशी जाऊन टेकडीकडे बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या सहीने तास कायम झाला. हेडमास्तरांनी पेढा दिला, मी खाल्लाही. मग वर्गात जाऊन नेहमीसारखं म्हटलं, "चला, बाहेर जा, काहीतरी नीट बघून या."

कुणी उठेना. मालवी मुलाने तेवढा हात वर केला.

"मास्टर साब, बकरीचा डोळा कसा काढू? आडवा काढू, की साहेबांना चालेल तसा?"

मी खडू हातात घेऊन फळ्याकडे वळलो, आणि तास संपेपर्यंत फळा पुसत राहिलो.