कावळ्याला कबूल केलेली गाडी

रत्नमालाबाईंच्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात इतक्या गाड्या हाताखालून घातल्या, पण गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटखाली स्वतःची गाडी कधी उभी राहिली नाही. पार्किंगची जागा होती. खांबावर फ्लॅटचा नंबर रंगवलेला होता. त्या जागेच्या एका कोपऱ्यात बाईंची स्कूटी असायची आणि उरलेल्या जागेत बिल्डिंगमधल्या पोरांच्या सायकली पडलेल्या असायच्या.

नवरा, कृष्णा थोरे, टांझानियात होता, दार-ए-सलामला. जपानमधले लोक गाडी फार वर्षं वापरत नाहीत. त्यांच्या जुन्या गाड्या तिकडे लिलावात निघतात आणि जहाजाने आफ्रिकेत येतात. दार-ए-सलामचा एक कच्छी शेठ अशा गाड्या मागवायचा आणि थोरे त्या बंदरावर तपासून यार्डात लावायचे. वाळूजची कंपनी बंद पडल्यावर दोन वर्षांसाठी म्हणून गेले होते, आणि मुलगा विश्वजीत शाळेत जायला लागल्यापासून तो नोकरीला लागेपर्यंत तिकडेच राहिले. त्यांचे वडील पाचोडच्या बाजारात बैलांचे दलाल. बैलाचा जबडा उघडून दात बघावेत तसे थोरे बॉनेट उघडायचे. सीटखाली हात घालून तो नाकाशी न्यायचे. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी कितीही धुतली तरी वास सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी स्वतःसाठी एकच गाडी ठेवली, एक राखाडी स्टेशन वॅगन. भाड्याच्या खोलीत तिघं जण राहायचे, बोलायला निवांतपणा नसायचा. म्हणून संध्याकाळी यार्ड बंद झालं की थोरे त्या गाडीत बसायचे, एसी लावायचे आणि घरी व्हिडिओ कॉल करायचे. फोन समोरच्या स्टँडला अडकवायचे, आणि स्टँड जरा ढिला असल्यामुळे कॅमेरा वर बघायचा. रत्नमालाबाईंना दिसायचं ते गाडीचं छत आणि नवऱ्याचा एक कान. डोळे मिटून ऐकायची थोऱ्यांना सवय होती. बाई बोलायच्या, नळ गळतोय, विश्वजीतला शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळी लागली, जावेने लोणचं पाठवलं ते खारट झालंय. ते हं म्हणायचे. शेवटी बाई विचारायच्या, "ठेवू?" ते म्हणायचे, "ठेव." मग फोन बंद व्हायचा. त्यांनी ठेव म्हटल्याशिवाय बाईंनी कधी फोन ठेवला नाही.

त्या गाडीत एक बाई होती. चावी फिरवली की डॅशबोर्डच्या आतून ती जपानीत एक वाक्य बोलायची, मऊ आवाजात, अदबीनं. जपानमध्ये टोलनाक्याचं कार्ड गाडीतच बसवतात. ते नाही म्हणून ती आठवण करून द्यायची. टोल तिकडे जपानमध्ये राहिला, कार्ड पहिल्या मालकाकडे राहिलं, आणि ही इकडे रोज तेच विचारत होती. तिकडच्या बऱ्याच गाड्यांत असा आवाज असतो. लोक तार तोडून तो बंद करतात, थोऱ्यांनी केला नाही. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा रत्नमालाबाई आठवडाभर नवऱ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. नंतर त्यांनीच तिचं नाव सवत ठेवलं. "सवत बोलली का आज?" असं त्या विचारायच्या आणि थोरे हसायचे. बाई सांगतात, ते हसले की छत हललेलं दिसायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका संध्याकाळी फोन आला. सवत बोलली. छत दिसलं, कानही दिसला. रत्नमालाबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. विश्वजीतसाठी बिडकीनचं एक स्थळ आलंय, मुलगी फार्मसी शिकलेली आहे, आपल्याला पसंत आहे पण तुम्ही आल्याशिवाय हो म्हणणार नाही. मेथी निवडून झाली, लसूण सोलून झाला. पलीकडून हं आला नाही, पण एसीचा आवाज येत होता आणि थोरे कधी कधी दमलेले असायचे. बाई बोलत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ठेवू?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग पलीकडचा फोन आपोआप बंद पडला. बाईंना वाटलं बॅटरी गेली.

यार्डातल्या सलूम नावाच्या मेकॅनिकने गाडीचं दार उघडलं तेव्हा थोरे गार पडले होते. हृदय बंद पडलं. कधी, ते कुणालाच सांगता आलं नाही. चावी फिरवल्याबरोबर, की लसूण सोलताना, की अगदी शेवटी.

रत्नमालाबाई रडल्या त्या नवरा गेला म्हणून. पण नंतर त्यांना झोपू दिलं नाही ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांनी एवढं सगळं सांगितलं, ते कुणी ऐकलं? स्थळाचं त्यांच्या कानावर गेलं की नाही? त्या गाडीत बसून कुणीतरी ऐकलं होतं हे त्यांना पक्कं वाटत होतं. कोणी, एवढंच कळत नव्हतं.

विमानाने पेटी आली, पाचोडला अग्नी दिला आणि दहाव्याला सगळे पैठणला गोदावरीवर गेले. पिंड ठेवला, पण कावळा येईना. झाडावर बसलेले होते, खाली उतरत नव्हते. थोऱ्यांचे थोरले भाऊ तात्यासाहेब हात जोडून उभे राहिले. जाणाऱ्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द दिला की कावळा शिवतो. तात्यांनी पोराचं लग्न करतो म्हणून सांगितलं. रानाची वाटणी सरळ करतो म्हणून सांगितलं. वहिनीला काही कमी पडू देणार नाही म्हणाले. उन्हाने माणसं घाटावर बसायला लागली. भटजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू केली.

तेव्हा तात्यासाहेब घामाघूम होऊन म्हणाले, "कृष्णा, तुझी गाडी घरी आणतो रं. गारखेड्याला आणून उभी करतो. आता ये बाबा."

कावळा आला, पिंडाला चोच लावली, अर्धा भात विस्कटून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. रत्नमालाबाई मागे बायकांत उभ्या होत्या. त्यांनीही तो शब्द ऐकला.

दुसऱ्या आठवड्यात विश्वजीतने मुंबईच्या एका एजंटला विचारलं. एजंटने गाडी किती जुनी हे ऐकलं आणि विषय संपवला. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात आणता येत नाही, कितीही कर भरा. ही तर विश्वजीतच्या दहावीच्या वर्षातली. तात्यासाहेबांना हे पटेना. "मेलेल्या माणसाची गाडी हाय ती," ते म्हणाले, "तिला कसलं वय लावता?" मग त्यांनी तालुक्याच्या पुढाऱ्याकडे दोन चकरा मारल्या, आणि त्यानंतर तो विषय निघाला की ते तंबाखू मळायला लागायचे. विश्वजीतने सुचवलं की जालना रोडवर जुन्या गाड्या मिळतात, त्यातली एक राखाडी घेऊ आणि पप्पांची म्हणून उभी करू. आईने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"कावळ्याला फसवायचं?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पार्किंगमधल्या सायकली हलवल्या. रंगाच्या डब्यात सिमेंट भरून त्यात पाइप रोवला आणि तो जागेच्या तोंडाशी ठेवला. रोज सकाळी जागा झाडायची, शिंपायची, कोपऱ्यात चार ठिपक्यांची रांगोळी. खालच्या मजल्यावरच्या वैजनाथ जोशींच्या घरात दोन गाड्या होत्या आणि जागा एक. आधी ते गोडीत बोलले, मग सोसायटीच्या बैठकीत बोलले. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "वहिनी, निघाली का हो तुमची गाडी? की समुद्रातून पोहत येतेय?" शेजारी उभ्या असलेल्या दोघी हसल्या. रत्नमालाबाई म्हणाल्या, "येईल तेव्हा सांगते तुम्हाला." त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्यामुळेच जोशी नंतर बरेच दिवस गप्प राहिले.

पुढे पावसाळा सरला, दिवाळी झाली. बिडकीनचं स्थळ थांबून थांबून दुसरीकडे गेलं. दिवेलागण झाली की रत्नमालाबाई ओट्याशी असायच्या आणि फोन डब्याला टेकवलेला असायचा. तो वाजायचा नाही. पण एके संध्याकाळी कणीक मळताना त्यांनी सवतीचा आवाज ऐकला. वाक्य तेच, अदब तीच. खालून, पार्किंगमधून आला. कणकेच्या हातांनी त्या तीन जिने उतरून गेल्या. जागा रिकामी होती, डबा जागच्या जागी. त्यांनी वाकून फरशीला हात लावला. आजूबाजूची फरशी गार आणि मधली कोमट, नुकतीच गाडी निघून गेल्यावर असते तशी. विश्वजीतला त्यांनी हे सांगितलं. तो म्हणाला, आई, दुपारचं ऊन पडतं तिथं. मार्गशीर्षात त्या जागेवर ऊन पडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं आणि शेठचा फोन आला. गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी आहे, नवीन माल उतरायला जागा नाही, आणि एक टॅक्सीवाला गिऱ्हाईक आलं आहे. विश्वजीत हो म्हणायला तयार होता. तात्यासाहेबांनी फोनवर बराच वेळ घसा साफ केला. शब्द त्यांनी दिला होता आणि मोडायचा बाईंनी, असं कुणी उघड म्हणालं नाही. रत्नमालाबाईंना एकच भीती होती. गाडी विकली आणि हे अजून तिच्यातच बसलेले असले, तर? परक्या टॅक्सीत, परक्या माणसांच्या मागेपुढे, कुणीतरी ठेवू म्हणण्याची वाट बघत?

त्यांनी शेठला सांगितलं की आधी मला गाडी दाखवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलूमने व्हिडिओ कॉल केला. त्याला कामापुरती हिंदी येत होती. तिकडे आईला मामा म्हणतात, त्यामुळे तो बाईंना मामा म्हणायचा आणि एरवी बाईंना हसू यायचं. त्याने ताडपत्री काढली, दार उघडलं, आत बसला आणि चावी फिरवली. सवत बोलली. रत्नमालाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग काढला. त्यांनी सलूमला सांगितलं की फोन स्टँडला लाव, एसी चालू कर, दार बंद करून लांब जाऊन उभा राहा. त्याने का म्हणून विचारलं नाही.

छत दिसलं. डाव्या बाजूला कापडाला एक डाग होता, तो तसाच होता. बाईंनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि बोलायला लागल्या. बिडकीनचं स्थळ गेलं, पण वाईट वाटून घेऊ नका, पोराने स्वतःच एक बघितली आहे, आपल्यातलीच आहे, बरी आहे. नळ बदलला. तात्यांचा गुडघा दुखतो. गाडी इकडे आणता येत नाही, सरकार आणू देत नाही, तात्यांनी उन्हाच्या तडाख्यात बोलून टाकलं, त्यांना दोष देऊ नका. वर्षभर जागा झाडून ठेवली होती. आता ही गाडी दुसऱ्याकडे जाते आहे, तुम्ही त्यात बसून राहू नका.

भाजी संपली तेव्हा त्यांनी देठं गोळा केली आणि विचारलं, "ठेवू?"

एसी चालू होता. छत स्थिर होतं. बाई थांबल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या.

तेव्हा सवत बोलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळं वाक्य. चावी फिरवल्यावरच बोलणारी ती, मध्येच कधी बोलली नव्हती. आणि बोलून झाल्यावर छत किंचित हललं.

रत्नमालाबाईंनी फोन ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी सलूमला पुन्हा लावला आणि विचारलं, तू चावीला हात लावला होतास का. तो म्हणाला, "नहीं मामा, मैं तो गेट पर खड़ा था." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, आत कोण होतं. गेटपासून त्याला मागच्या काचेतून कुणाचं तरी डोकं दिसलं होतं. त्याला वाटलं शेठ जाऊन बसले असतील. तो जवळ गेला तर कुणी नव्हतं, आणि उजव्या बाजूचं दार उघडं होतं.

"उघडं होतं ना?" बाईंनी तेवढंच विचारलं. मग म्हणाल्या, गाडी देऊन टाका.

वर्षश्राद्धाला तात्यासाहेब आले. पान वाढून गच्चीवर ठेवलं तर कावळा जणू वाट बघत असल्यासारखा आला. तात्यांनी मान खाली घालून विचारलं की वहिनी, माझ्या शब्दाचं काय. रत्नमालाबाई म्हणाल्या, "उतरले ते. तुम्ही जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिमेंटचा डबा ओढून भिंतीला लावला आणि जोशींना सांगितलं की तुमची गाडी लावत जा, भाडं नको. जोशी ओशाळले, पण त्याच संध्याकाळी त्यांनी गाडी लावली.

दहा-बारा दिवसांनी ते वर आले. तक्रार नाही, असं ते दोनदा म्हणाले. फक्त रोज सकाळी गाडीतला आतला दिवा लागलेला सापडतो. मेकॅनिकला दाखवली, वायरिंग ठीक आहे. आणि ड्रायव्हरची सीट मागे सरकवून पाठ आडवी केलेली असते, कुणी पाय ताणून निवांत बसावं तशी. दारं तर लॉक असतात.

रत्नमालाबाई मेथी निवडत होत्या. फोन डब्याला टेकवलेला होता, बंद. त्यांनी जोशींना बसायला सांगितलं आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

"राहू द्या सीट तशीच," त्या म्हणाल्या. "ती पुढं घेत जाऊ नका."