नणंदबाईंची मेडिकलची वाट

हॅनोव्हरमधल्या मराठी घरांतली जी जी मुलं आजवर डॉक्टरकीला लागली, ती सगळी माझ्या नणंदेच्या हाताखालून गेलेली आहेत. आईबापांनी त्यांना फक्त जन्म दिला. कुठले विषय घ्यायचे, कुठे स्वयंसेवक व्हायचं, कुठल्या सुट्टीत कुठल्या हॉस्पिटलात काम मागायचं, हे सगळं ताईंनी ठरवलं. ताई स्वतः डॉक्टर नाहीत. त्या मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. पण मूल दहावीच्या आसपास पोचलं की ताईंना त्याचा वास लागत असे. मंडळाच्या गणपतीत एकदा एक पोरगा मोदक तोंडात कोंबत उभा होता. त्याला कोपऱ्यात गाठून त्या म्हणाल्या, "लाइस्टुंग्सकुर्सला काय घेतोयस? शेवटची दोन वर्षं ज्या विषयांवर भर द्यायचा, ते नीट निवड. केमिस्ट्री सोडू नकोस." पोरगा जर्मनमध्ये म्हणाला, की मला पायलट व्हायचंय. "गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या, "पण बायोलॉजी ठेव." आज तो पोरगा हाडांच्या वॉर्डात डॉक्टर आहे.

मुलांना एखादी गोष्ट करायला सांगायची तर ती आधी स्वतः करून बघायची, असा त्यांचा दंडक. प्रथमोपचाराच्या पथकात मुलांना घातलं, तेव्हा स्वतःही नाव घातलं आणि सरावासाठी सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, वापरला. एका सकाळी त्याचा हात गळ्यात बांधून त्या ट्राम पकडायला पळाल्या. ती गाठ इतकी शास्त्रशुद्ध होती, की आम्हा दोघांना ती सुटेना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो तसाच कॅमेऱ्यासमोर बसला आणि संध्याकाळी त्याच्या बॉसकडून फुलं आली. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत एका काचेच्या ठोकळ्यातली वेटोळी नळी बाजूने कशी दिसेल, असे प्रश्न असतात. ताईंसाठी तर तो पोरखेळ. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात पाच-सहा मुलं बसलेली असत, आणि ताई पारदर्शक डब्यात चकली ठेवून तो डबा फिरवत असत. परीक्षा झाली की चकली खायची परवानगी.

हे सगळं दुसऱ्यांच्या पोरांसाठी चाललंय, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. मग एका उन्हाळ्यात ताई ऑफिसला "गोव्याला चाललेय" असं सांगून महिनाभर रजेवर गेल्या आणि गेल्या कुठे, तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात. मेडिकलला जायचं तर आधी तीन महिने रुग्णसेवा करावी लागते. ताईंनी ती वर्षाला एक महिना अशी रजा टाकून पुरी केली. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, चादरी बदलायच्या, भरवायचं. परत कामावर गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्यांना विचारलं, "तुमच्या गोव्यात ऊन पडत नाही का?" त्या वॉर्डातली एक आजी कुणालाच केसांना हात लावू देत नसे, ताईंनी मात्र तिची वेणी घातली. आजीने विचारलं, "तुम्ही डॉक्टर कधी होणार?" ताई म्हणाल्या, "दर वर्षी विचारतेय मी त्यांना."

तेव्हा मला कळलं की त्या खरंच दर वर्षी अर्ज करत होत्या. एक पदवी आधीच असलेल्यांसाठी मेडिकलला जागा मूठभर. बारावीला सांगलीत थोडक्यात प्रवेश हुकला, तेव्हा त्यांचे वडील, अण्णा, म्हणाले होते, "इंजिनिअरिंग काय वाईट आहे?" आणि ताई मुकाट्याने गेल्या होत्या. "ब्रेक मी उत्तम करते गं," त्या मला एकदा म्हणाल्या, "लहानपणापासूनची सवय आहे."

नकार ऑगस्टमध्ये येई. त्या दिवशी ताई आमच्याकडे येत आणि म्हणत, "चल, तळ्यावर जाऊन येऊ." मी त्यांच्या मागे धापा टाकत चाले. एका वर्षी निम्म्या वाटेत फोन वाजला. रविवारच्या मुलांतली एक मुलगी आनंदाने रडत होती. तिला म्युनिकला जागा मिळाली होती. ताईंनी तिचं तोंडभर कौतुक केलं, खोली आधी शोध म्हणून बजावलं, थंडीचे बूट कुठून घ्यायचे तेही सांगितलं. मग फोन पर्समध्ये ठेवून त्या बाकावर बसल्या आणि तळ्यातल्या शिडांकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाल्या, "फार चांगली मुलगी आहे. हात स्थिर आहेत तिचे." एवढंच. त्यांचे स्वतःचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबर संपता संपता पूर्वेकडच्या एका लहान गावातल्या मेडिकल कॉलेजातून कळवलं गेलं, की कुणीतरी जागा सोडली आहे, तुम्हाला हवी का? इतकी वर्षं सगळ्यांच्या आयुष्याची आखणी करणाऱ्या ताई त्या संध्याकाळी आमच्या सोफ्यावर आल्या आणि कोट न काढताच बसून राहिल्या. "जमेल का गं मला? नोकरी आहे, घर आहे. ती सगळी एकोणीस-वीसची पोरं." माझा नवरा म्हणाला, "ताई, तू त्या पोरांना घडवतेस." "घडवणं वेगळं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी सांगलीला फोन लावला. अण्णा म्हणाले, "डॉक्टर होईपर्यंत तू पन्नाशीला टेकशील."

"हो."

मग अण्णा म्हणाले, "म्हणजे मला तोवर थांबायला हवं." ताईंनी फोन ठेवला आणि पहिल्यांदा कोट काढला.

आता हॅनोव्हरमधली मराठी मुलं वाट्टेल ते विषय घेतात. कुणी फिल्म शिकतंय, कुणी वनशास्त्र. रविवारी आता कुणी जमत नाही, आणि मी चकल्या केल्या तर त्या उरतात. गेल्या नोव्हेंबरात आम्ही न कळवता त्यांना भेटायला गेलो. कॉलेजच्या दगडी इमारतीसमोर, बोचऱ्या वाऱ्यात उभे राहिलो. तास सुटला आणि मुलांच्या घोळक्यातून ताई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, पाठीवर सॅक. एक उंच पोरगा हातवारे करून त्यांना काहीतरी समजावत होता आणि ताई मान वर करून, मन लावून ऐकत होत्या. त्यांना कुणाचं असं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी हाक मारणार तेवढ्यात नवऱ्याने माझा हात धरला. "थांब जरा," तो म्हणाला, "तिचं बोलणं होऊ दे." ते सगळे सायकलींपाशी उभे राहून हसत होते. अंधारून आलं, दिवे लागले, आणि आम्ही दोघं झाडाखाली हात चोळत, त्या आमच्याकडे कधी बघतील याची वाट पाहत राहिलो.