मौलानांच्या बहिणीचा हिस्सा

अजान झाली की आमच्या वर्कशॉपमधली सगळी मशिनं जागच्या जागी थांबायची. मौलानांचं मात्र थांबायचं नाही. हातातली शिवण टोकापर्यंत न्यायची, गाठ मारायची, दोरा कापायचा आणि मगच ते उठायचे. नमाज पढवणारे तेच, त्यामुळे बाकीचे हातपाय धुऊन चटईवर त्यांची वाट बघत बसलेले असत. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "अर्धी शिवण टाकून आलो तर गिऱ्हाइकाचं नुकसान माझ्या नमाजात शिरेल. दोन टाके थांबा."

शारजाच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या सीटा शिवणारं आमचं वर्कशॉप. मौलाना बांगलादेशचे. कुठल्या मदरशात शिकलेले वगैरे नव्हते, मूळचे शिंपीच. पण आवाज चांगला आणि बरंचसं पाठ, म्हणून पुढे उभं राहण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि नावही तेच पडलं. हिंदी बोलायचे ते बंगाली वळणाचं. मी इथे माझ्या भाषेत सांगतोय.

मी चंदगडकडचा, नववीत शाळा सोडलेला. ज्या कंपनीच्या व्हिसावर आलो ती वर्षात बंद पडली आणि हातात काही कसब नव्हतं. या वर्कशॉपमध्ये झाडायला लागलो. मौलानांनी आठवड्याभरात माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि कात्री दिली. फोम कसा कापायचा, रेक्झिन ताणताना कुठे सोडायचं, कोपऱ्यावर शिवण कशी वळवायची, सगळं त्यांनी शिकवलं. मला एकदा सांगून लक्षात राहत नसे, म्हणून मी त्यांच्या हातांचे व्हिडिओ काढून ठेवायचो आणि खोलीवर जाऊन बघायचो. त्यांना त्याचं कौतुक वाटे. "शंकरभाई, काढ व्हिडिओ," म्हणत मुद्दाम हात सावकाश चालवायचे. आज माझं घर चालतंय ते त्या हातांवर.

पहिल्या रमजानात मी दुपारचा डबा खायचाच बंद केला होता. इथे नियम काय, दंड काय, मला काही ठाऊक नव्हतं आणि विचारायची भीती वाटायची. तिसऱ्या दिवशी मौलानांनी उरलेल्या सीटच्या कापडाचे तुकडे जोडून एक पडदा शिवला आणि स्टोअरच्या कोपऱ्यात टांगला. मला आत ढकललं आणि म्हणाले, "रोजा माझा आहे. पोट तुझं आहे. खा." मी आत भाकरी खात होतो आणि उपाशी माणूस बाहेर राखण करत उभा होता.

त्यांच्या देशात सरकार पालटलं तेव्हापासून चहाच्या वेळेला एकच विषय असायचा. शफीक नावाचा त्यांच्याच शेजारच्या गावचा तरुण कारागीर होता. तो मोबाईलवर बातम्या बघून तावातावाने बोलायचा. लोक आपले, देश आपला, मग कायदा अल्लाचा का नको, असं त्याचं म्हणणं. राज्यघटनेत एका पानावर इस्लाम आणि दुसऱ्या पानावर धर्मनिरपेक्षता, हे काय सोंग आहे, असंही विचारायचा. मौलाना करक, म्हणजे तिथल्या कडक दुधाळ चहाचा घोट घेत शांतपणे म्हणायचे, "कायदा अल्लाचा, कबूल. पण शिक्का कुणाच्या हातात देणार? आपल्या गावच्या चेअरमनच्याच ना? तो तर रेशनचा तांदूळसुद्धा पोचू देत नाही." सगळे हसायचे. शफीकही हसायचा, पण मागे हटायचा नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, मग तुम्हाला नेमका कुठला कायदा हवाय? ते म्हणाले, "मला शरीयत हवी. पण माझ्यावर. तुझ्या मानेवर ठेवायला मला कुणी सांगितलं नाही."

त्यांना एक विधवा बहीण होती. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तिच्या वाट्याची जमीन थोरल्या भावाने दिली नव्हती. ती भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. मौलाना दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भावाला फोन करायचे. कधी गोड बोलायचे, कधी वडिलांची आठवण काढायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. आणि यंदा तो नरमला होता. येत्या ईदला मौलाना सुट्टीवर गेले की कागद करून देतो म्हणाला होता. त्या दिवशी मौलानांनी आम्हा सगळ्यांना मिठाई वाटली. बहिणीचं घर कुठल्या कोपऱ्यात बांधायचं तेही मला वहीच्या पानावर काढून दाखवलं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण पुढे मी जे केलं ते ठाऊक असूनच केलं.

दोनेक आठवड्यांनी मी त्यांच्या कोपऱ्याच्या शिवणीचा व्हिडिओ काढत होतो. शिवता शिवता ते गप्पांच्या नादात म्हणाले, "आमच्या गावात शरीयत आणा म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडतो तो माझा थोरला भाऊ. मशिदीच्या कमिटीवर आहे. कुराणात बहिणीचा हिस्सा किती ते स्पष्ट लिहिलंय. सरकारकडे शरीयत मागतो, आणि ती घरी आली की दार लावून घेतो." आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

खोलीवर गेल्यावर मी तेवढा तुकडा कापला आणि स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, "ऐका, ह्यांचाच माणूस काय सांगतोय." गावाकडच्या पोरांना दाखवायचं होतं. शाळेत असताना मला कुणी शहाणं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी अंगठे आले, हसरे चेहरे आले. एकाने लिहिलं, शंकऱ्या, तू तर पत्रकार झालास. मला फार बरं वाटलं. मौलानांच्या बोलण्यातला भाऊ कुणालाच दिसला नाही आणि बहीण तर नाहीच. सगळ्यांना फक्त "ह्यांचा माणूस" दिसला. मलासुद्धा.

माझा नंबर शफीककडे होता, हे डोक्यातच आलं नाही. त्याने ते बघितलं आणि आपल्या चुलत भावांना पाठवलं. त्यालाही दाखवायचंच होतं, की बघा, परदेशात जाऊन आपला माणूस कसा बोलायला लागतो. माझ्या गावात लोक हसले, त्यांच्या गावात चिडले. दोन दिवसांत व्हिडिओ मशिदीच्या कमिटीत पोचला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोरमनने मला बाजूला घेतलं. तो केरळचा. म्हणाला, या देशात धर्माशी खेळ केला तर नोकरी नाही, सरळ जेल. यल्ला, चल, डिलीट कर, खलास. पहिला विचार आला तो माझ्या व्हिसाचा. मौलाना नंतर आठवले. हे सांगायला लाज वाटते, पण क्रम तोच होता.

मौलाना मशिनपाशी बसले होते, मशीन बंद होतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी काय झालं ते सांगितलं. भावाचा फोन आला होता. तू परदेशात बसून धर्माची आणि घराची अब्रू घालवलीस, आता कागद विसर, आणि बहिणीने अंगणात पाऊल ठेवायचं नाही. मी म्हणालो, मौलाना, पण तुम्ही खरंच बोलला होतात.

"खरं बोललो," ते म्हणाले. "पण तुझ्यापाशी बोललो."

मग त्यांनी विचारलं, तुमच्यात बहिणीला हिस्सा किती? मी म्हणालो, कायद्याने बरोबरीचा. खरं सांगतो, त्याही वेळी आवाजात थोडी ऐट होती.

"मग तुझ्या बहिणीला किती मिळाला?"

आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. आक्काला मी आणि दादाने जीपमध्ये बसवून तालुक्याला नेलं होतं. येताना साडी घेतली, मिसळ खाऊ घातली. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सही कुठे करायची ते कागदावर बोट ठेवून मीच दाखवलं होतं. हे सगळं मी मौलानांना सांगितलं.

"म्हणजे तुझा व्हिडिओ कुणी काढला नाही, एवढंच," ते म्हणाले. हसले नाहीत.

महिन्याभराने ते कायमचे गावी गेले. भावासमोर जाऊन बसायचं, फोनवर आता हे होणार नाही, असं म्हणत होते. माझ्याबद्दल त्यांनी मालकाकडे अवाक्षर काढलं नाही. शफीकवरही रागावले नाहीत, जाताना त्यालाच मिठी मारली. मी व्हॅनपर्यंत बॅग नेली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शिवण अजून कोपऱ्यावर ओढतोस तू. सैल सोडायला शिक." आणि व्हॅनमध्ये बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

शफीककडून कळतं ते एवढंच, की भावाने अजून कागद केलेला नाही. बहीण आता मौलानांकडेच राहते आणि ते बाजारात रिक्षांच्या सीटा शिवतात. नमाज पढवायला त्यांना तिथे कुणी पुढे उभं करत नाही, मागच्या रांगेत असतात. शफीक हे सांगताना माझ्याकडे बघत नाही. चहाच्या वेळेला आता तो विषय निघत नाही.

एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आक्काला फोन लावला. म्हणालो, आक्का, तुझा वाटा तुला परत लिहून द्यायचा विचार आहे माझ्या मनात.

"आजारी हाईस का रं?" तिने विचारलं. "नोकरी गेली का काय?"

मी म्हणालो, नाही, बरा आहे मी.

"मग हे मधीच काय काढलंस? दादाला ठावं हाय?"

"नाही."

"मग त्याला काय बोलू नगंस बाबा," आक्का म्हणाली. "दिवाळीला मला यायचं हाय."

या गोष्टीला चार महिने झाले. दादाशी मी अजून बोललेलो नाही.