सुभेदारांनी माझा पाय मांडीवर घेतला

मित्रहो, आज दुपारी शिरवळजवळच्या एका थीम पार्कमध्ये मी लंगडत होतो. सांगलीहून निघताना नवी कोरी कोल्हापुरी चप्पल घातली होती. अंगठ्याजवळ फोड येऊन फुटला आणि पाऊल टाकवेना.

"जगाला शहाणपण सांगता, आन् हिंडायला नवी चप्पल! आधी तेल तरी पाजायचं व्हतं," बायको म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "चला, घरी जाऊ."

मोठ्या पाळण्यात बसायची तिची कधीपासूनची इच्छा होती. पण मला सोडून ती एकटी बसणार नव्हती.

शेजारच्या बाकावर मेढ्याचे एक निवृत्त सुभेदार होते, वयाने माझ्याहून बरेच मोठे. ते उठून माझ्यासमोर खाली बसले आणि माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. मी झटकन मागे ओढला. वडीलधाऱ्या माणसाने माझ्या पायाला हात लावायचा?

"आवं, गप बसा. फौजेत सायबच जवानांचं पाय तपासतो. मीबी लय तपासल्यात. त्यात कसला आलाय कमीपणा?"

त्यांनी आपल्या पिशवीतून कापूस-पट्टी काढली, जखम धुऊन पट्टी बांधली, चपलेच्या पट्ट्याखाली कापूस सरकवला.

माणसामाणसांत उच्चनीच नाही, हे मी व्यासपीठावरून गर्जून सांगत आलो आणि सांगत राहणार. आज ते एका माणसाने माझ्यासमोर जमिनीवर बसून करून दाखवलं.

पाळणा वर गेला तेव्हा बायको आनंदाने किंचाळत होती. सुभेदारसाहेब, ते तुमच्यामुळे ऐकायला मिळालं. मनापासून आभार.

मित्रहो, तुमच्यासाठी असं वाकलेलं मोठं माणूस कोण?