घासून गेलेला नंबर

जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका शौकिनाने मला फसवलं. रॉकेलचा वास आला की आजही डोकं तापतं. लकडगंजच्या माझ्या भंगाराच्या दुकानात जुन्या स्पोर्ट्स कारचा एक गिअर आला होता. त्याने दाते मोजले, कडेचा पुसट नंबर भिंगातून वाचला आणि म्हणाला, "घासून चमकव गा, भाव वाढते." मी रॉकेलने धुऊन, बफ मारून तो आरशासारखा केला. दुसऱ्या दिवशी तो हसला, "नंबरच नाही! कोणत्या गाडीचा, मले काय मालूम? किलोनं दे." "मंग घासाले काहून सांगितलं?" म्हणत मी रागाने गिअर काट्यावर फेकला आणि तिथेच हरलो. परवा गाड्यांच्या प्रदर्शनात तोच गिअर त्याच्या नावाने काचेत दिसला, खाली पूर्ण नंबर लिहिलेला. हा नंबर त्याने कुठून आणला, ते त्याने माझ्या दुकानात येऊन सांगावं.